सोमवारी फोन येईल तेव्हा

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, मेलंबिलं कुणी नाही. मी धडधाकट आहे, नोकरी अजून टिकून आहे आणि दोन्ही वेळा जेवतोय. झालं तुझं विचारून? मग आता पुढचं नीट वाच. फोनवर तुझ्याशी बोलायची सोयच राहिलेली नाही. मी मुद्द्यावर आलो की नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. जिन्याखालचं बटणांचं दुकान ते, दिवसभर माशा मारतेस म्हणून तूच सांगतेस, पण मी पायाचं नाव काढलं की तिथे रांग लागते. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही. म्हणून हा उद्योग. शाळेत निबंध म्हटला की मी खिडकीतून पळायचो हे तुला माहीतच आहे, तेव्हा आज मी लिहायला बसलोय यावरूनच समज किती चिडलोय ते.

हो, तुझ्यावरच चिडलोय. गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसातून तुला फोन आला होता. त्या बाईला तू काय काय सांगितलंस ते मला शब्द न् शब्द कळलंय. त्याच्याकडे मी येणार आहेच. पण तुला वाटत असेल की कंपनीकडून सहज चौकशीचा फोन होता. सहज नव्हता तो. त्या एका फोनसाठी मी वर्षभर इथे माणसं अंगावर घेतली आहेत, आणि तू चार वाक्यांत सगळ्यावर बोळा फिरवलास. तेव्हा आधी माझं ऐकून घे.

मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मला फोन आला. तू मला सांगत होतीस, पाय जरा धरतो, गारठ्यामुळे असेल. काकूंनी सांगितलं की तू जिना बसून चढतेस. पाठ वरच्या बाजूला करायची, हातांवर जोर द्यायचा आणि एकेक पायरी स्वतःला वर ढकलायचं. पिशवी आधी वरच्या पायरीवर, मग तू. आणि कुणाची चाहूल लागली की हातातल्या फडक्याने पायरी पुसायला लागतेस, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई किती स्वच्छ! ताई, ते फडकं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसून चढलीस याचं एवढं नाही, दुखतंय तर माणूस काय करणार. पण तू त्यासाठी घरातून फडकं घेऊन निघतेस. म्हणजे दुखणं राहिलं बाजूला, ते लपवायची तयारी आधी. मग तू ज्यांना पाय दाखवला होतास त्या डॉक्टरांना मीच फोन करून विचारलं. खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, हाड आतून वाळत चाललंय, तो सांधाच बदलावा लागेल, आणि उशीर केला तर ही बाई खुर्चीवरून उठणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. तुलाही सांगितलं होतं. तू त्यांना बघते म्हणालीस आणि येऊन बटणं विकायला बसलीस.

आता माझं ऐक. एका जागी माझं बूड टेकत नाही हे जगजाहीर आहे. बर्फाच्या गोदामातून पळालो, पार्सलच्या नोकरीतून पळालो. या लॉन्ड्रीतूनही मी केव्हाच पळालो असतो. तुला वाटतं लॉन्ड्री म्हणजे इस्त्रीचं दुकान. ही लॉन्ड्री म्हणजे आख्खं विमान मावेल एवढी शेड आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, ढिगांनी. मी रोलरवर असतो. दोघांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटका देऊन ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. वाकडी गेली तर सुरकुती पडते, बोट गेलं तर बोट जातं. आवाज एवढा की बोलायचं नाही, डोळ्यांनीच खुणा. माझ्या समोरच्या टोकाला मामा असतो. सगळ्या शेडचा मामा आहे तो, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली, स्वतः निवृत्तीला टेकलेला. दिवसभर एकमेकांची तोंडं बघून आमचं असं झालंय की त्याने भुवई उडवली तरी मला कळतं चहा आलाय का साहेब. इथे वाफेत माणूस उकडून निघतो, तरी मी टिकलो. का, तर इथे आजारपणाचा विमा आहे. काकूंचा फोन आल्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत सरळ वर गेलो आणि म्हटलं, माझ्या विम्यात एक नाव घालायचंय.

वर एचआरला एक मुलगी बसते. तिला आम्ही हसरी म्हणतो, कारण ती नाही म्हणतानाही हसते. ती हसून म्हणाली की विमा कुटुंबाला आहे, आणि कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं. म्हटलं मला बायको नाही, मुलं नाहीत, मग माझा तो वाटा कुठे जातो? म्हणाली, कुठे जात नाही, तुमच्यासाठी राखून आहे, लग्न करा की! परत हसली. म्हटलं बाई, दुखतोय माझ्या घरच्या माणसाचा पाय आणि तुम्ही मला नवरी शोधायला पाठवताय? तिने मला एक रंगीत कागद दिला, कंपनीने आमच्यासाठी काय काय केलंय त्याचा. पोहण्याच्या तलावाचं आणि व्यायामशाळेचं कार्ड. पाळणाघरात एक जागा. बायको-मुलांचा विमा. सगळं सगळ्यांना सारखं, कुणावर अन्याय नको म्हणून! दिवसभर ओल्या चादरी ओढून माझे दंड असे झालेत की शर्टाच्या बाह्या फाटतात, मला व्यायामशाळा. मामाचा नातू मिशी राखायला लागलाय, मामाला पाळणाघर. आणि विमा घ्यायला बायको नाही. दात आहेत त्यांना चणे नाहीत म्हणतात ना, आमच्याकडे चणे सगळ्यांना होते, फक्त ज्याचे त्याच्या तोंडात नव्हते.

मग काय, आम्ही आमचा मार्ग काढला. कपडे बदलायच्या खोलीत बाजार भरायला लागला. आलेले कपडे वेगळे करणाऱ्या, वर्गवारीवरच्या एकीची लहान मुलगी मामाची नात म्हणून मामाच्या जागेवर पाळणाघरात जायला लागली. मामा तिला सोडायला गेला की ती आजोबा म्हणून हाक मारायची आणि मामा खुशीत दोन दिवस भुवई खाली आणायचा नाही. त्या मुलीच्या आईने बदल्यात मामाच्या म्हातारीला स्वतःच्या कार्डावर तलावात न्यायचं कबूल केलं. असं चाललं होतं, सगळे खूश. माझं कार्ड मी सुईबाईला दिलं. ती फाटक्या चादरी शिवते, गुडघे गेलेत तिचे, आणि पाण्यात चाललं की गुडघ्याला बरं वाटतं असं तिला कुणी सांगितलं होतं. आता कार्डावर माझा फोटो! एवढे दिवस कुणी बघितलं नाही, आणि एक दिवस तलावावर नवा दारवान आला. त्याने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा सुईबाईकडे बघितलं आणि म्हणाला, फोटोत मिशी आहे. सुईबाई म्हणाली, काढली. ताई, हसू नकोस. ती बाई घाबरून बोलली. पण त्या एका उत्तराने बाजार उघडा पडला, आणि कंपनीत बोंब झाली की खालची माणसं फसवणूक करतात. सुईबाईला घरी बसवलं. का तर गुडघे पाण्यात घातले म्हणून.

मला वर बोलावलं, कारण कार्ड माझं. वर काचेची खोली, मध्ये लांब टेबल. मोठ्या बाई बसलेल्या, म्हणजे कंपनी ज्यांची आहे त्या. हसरी होती. आणि हिशेबाचे साहेब. त्यांना शेडमध्ये फूटपट्टी म्हणतात, सगळ्यांना एकाच मापाने मोजतात म्हणून, आणि अंगानेही तसेच आहेत. माझ्यासोबत मामा, पण मामाला सवय खुणांची, तो नुसता भुवया उडवत बसला. मी ठरवून गेलो होतो की डोकं थंड ठेवायचं. म्हणून आधी शहाण्यासारखं बोललो. म्हटलं, आपल्याकडे कपडा आला की पहिलं काम वर्गवारीचं. दवाखान्याची चादर वेगळी, हॉटेलचा टॉवेल वेगळा, लोकरी ब्लँकेट वेगळं. सगळ्यांना एकच कढत पाणी लावलं तर ब्लँकेटचं पायपुसणं होईल आणि तुम्ही आम्हाला हाकलाल. मग माणसांनाच एक पाणी का? मला वाटलं काय तोफ डागली! फूटपट्टी म्हणाले, माणसं म्हणजे टॉवेल नाहीत. आणि सगळे हसले, हसरी तर हसलीच, मामासुद्धा हसला. माझी तोफ फुस्स. मग फूटपट्टींनी एकामागून एक सांगायला सुरुवात केली. ज्याने त्याने निवडायचं ठरवलं तर सगळे महागाचंच निवडतील. म्हातारी माणसं विम्यात घेतली की विमा कंपनी हप्ता वाढवेल. प्रत्येकाचं वेगळं ठेवायचं तर कागद कोण सांभाळणार. आज हे द्या, उद्या ते मागतील. बोट दिलं की हात धरतात. त्यांचा आवाज चढत नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. मोठ्या बाई म्हणाल्या, पण तुम्हाला जे दिलंय ते तुम्ही वापरतच नाही का? म्हटलं, बाई, खाली येऊन बघा. म्हणाल्या, बघू. ताई, बघू म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको, डॉक्टरांना तूही तेच म्हणाली होतीस.

मी खाली आलो तो लाल होऊन. मामा म्हणाला, पोरा, पाणी पी. मी पाणी नाही प्यायलो. मळक्या चादरींची एक मोठी गाडी असते आमच्याकडे, चाकांची, माणूस झोपेल एवढी. ती रिकामी केली, कपडे बदलायच्या खोलीत नेऊन उभी केली आणि ओरडलो की ज्याला ज्याला जे जे लागत नाही ते इथे टाका. आधी कुणी पुढे आलं नाही. सुईबाईचं झालेलं बघून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मग मामाने आपलं व्यायामशाळेचं कार्ड काढलं. कोरं होतं ते, वरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. टाकलं. मग पडायला लागली कार्डं, पाळणाघराच्या जागेची पत्रं, ते रंगीत कागद, एकाने तर बक्षीस मिळालेली पाण्याची बाटलीसुद्धा टाकली, तिचा काही संबंध नव्हता. आम्ही ती गाडी मालाच्या लिफ्टने वर नेली आणि काचेच्या खोलीच्या दारात सोडली. मळक्या चादरींचा वास येत होता तिला, कार्पेटवर. हसरीने नाकाला हात लावला. मोठ्या बाई बाहेर आल्या, वाकल्या, आणि हाताने त्या ढिगात खालपर्यंत चाचपून बघत राहिल्या. कोरंच्या कोरं सगळं. मग त्यांनी फूटपट्टींना विचारलं, याचे पैसे आपण दर वर्षी भरतो? आणि ताई, फूटपट्टी वाकून कार्डं मोजायला लागले. आमची दया आली म्हणून नव्हे हं, भ्रमात राहू नकोस. आपलं वाया जातंय हे दिसलं, तेव्हा त्यांचं काळीज हललं. पण हललं ना, मला काय त्याचं.

मग बैठकांवर बैठका. मला आणि मामाला मध्येच रोलरवरून उठवून न्यायचे. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येकाचा वाटा सारखाच, त्यात फूटपट्टी जिंकले. पण त्या वाट्यात काय घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, वर्षातून एकदा. ज्याला पाळणाघर त्याला पाळणाघर, ज्याला तलाव त्याला तलाव, दाताचं, चष्म्याचं, जे हवं ते. आणि ज्याला बायको-मुलं नाहीत किंवा त्यांना गरज नाही, त्याने विम्यात आईला किंवा वडिलांना घालायचं. हे शेवटचं मी घालायला लावलं, टेबलावर मूठ आपटून. सहा महिने करून बघू म्हणाले, जमलं तर कायम, नाही तर पुन्हा सगळ्यांना एकच पाणी. सुईबाई परत आली, आता तिच्या कार्डावर तिचा फोटो आहे. शेडमध्ये लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. आणि मला त्यातलं काही नको होतं, मला फक्त तुझा खुबा हवा होता.

मग आला कागद भरायचा दिवस. सगळे पटापट भरत होते, मी पेन धरून बसलो. नाव लिहिलं तुझं. गाव, वय. पुढे नातं. तुला आठवतं की नाही माहीत नाही, मला आठवतं. बाबा तुला घेऊन आले तेव्हा मी दाराच्या मागे उभा होतो, आणि तू चप्पल काढायच्या आधी माझ्यासमोर वाकलीस आणि म्हणालीस की मला आई म्हणायचं नाही, तुझी आई होती ती आहेच, मला ताई म्हण. मी हं म्हटलं. मला तेव्हा बरंच वाटलं असेल. पुढे बाबा गेले. तुझे भाऊ तुला न्यायला आले, तर तू म्हणालीस याची परीक्षा होऊ दे. त्या परीक्षेत मी नापास झालो, पुढच्याही झालो, आणि तू आपली परीक्षेसाठी थांबलेलीच. भावांनी दोनदा चांगली स्थळं आणली होती हे मला काकूंनी सांगितलं, तू नाही. शाळेत आईला घेऊन ये म्हटलं की तू यायचीस, पण वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून आधी सांगायचीस, मी आई नाही हं त्याची. माझा हात मोडला तेव्हा दवाखान्यात खिडकीवरचा माणूस विचारत होता, मुलाची आई कोण? तू म्हणालीस, आई नाही हो याला, मी आहे. तो म्हणाला, मी म्हणजे कोण? तर तू हातातली पिशवी वर करून दाखवलीस, माझे कपडे आणि दुधाची बाटली होती तिच्यात. जसं काही तेच तुझं ओळखपत्र. कागदावर एक वेगळा चौकोनही होता, सावत्र म्हणून, आणि तोही चालतो असं हसरीने सांगितलं. आपल्या घरात तो शब्द कधी कुणी बोललं नाही, मी तरी कशाला लिहू? मी लिहिलं, आई. तुला न विचारता लिहिलं. बाबांच्या लग्नाचा दाखला जोडला. कायद्याने चालतं, मी विचारून घेतलंय.

आणि मग हसरीने तुला फोन लावला. माझ्यापुढे तिने तिचं टिपण वाचून दाखवलं, आणि ती हसत नव्हती. तिने विचारलं, तुम्ही यांच्या आई का? तू म्हणालीस, नाही हो, आई नाही, त्याची आई वारली, फार गुणाची बाई होती. ताई, तू तिला बघितलेलंसुद्धा नाहीस! मग तिने विचारलं, तुम्ही यांच्यावर अवलंबून आहात का? तर तू म्हणालीस, छे, मी माझ्या पायावर उभी आहे. कुठल्या पायावर, मला एकदा सांगशील? आणि वर म्हणालीस की उलट त्याचंच मला बघावं लागतं, अजून पोरगं आहे ते, नोकरी टिकवत नाही. आणि शेवटी तिलाच विचारलंस, तो जेवतो ना वेळेवर? त्या मुलीने तेही लिहून घेतलंय, विम्याच्या कागदावर! फूटपट्टींनी तो कागद दोन बोटांत धरून मोठ्या बाईंना दाखवला. म्हणाले, बघा, निवड दिली आणि पहिल्याच खेपेला खोटी आई. मामा तिथे होता. एवढ्या बैठकांत तोंड न उघडलेला माणूस, तो म्हणाला, साहेब, हे पोरगं खोटं बोलत नाही, तेवढी अक्कलच नाही त्याला. तो माझ्या बाजूने बोलला असं मी धरून चाललोय. मग मोठ्या बाईंनी दाखला बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की मग त्या नाही का म्हणाल्या? त्या काचेच्या खोलीत मी टॉवेलांवर भाषण दिलं होतं, गाडी आणून सोडली होती, पण हे मला सांगता येईना. काय सांगणार होतो? की आमच्या घरी एक बाई आहे, तिने परक्या पोरासाठी सगळं केलं, आणि नाव तेवढं दुसरीचं राखून ठेवलं, कुणी उष्टं करू नये म्हणून?

याचाच राग आहे मला. फूटपट्टींशी मी भांडू शकलो, कारण ते आपलं राखत होते. तुझ्याशी कसं भांडू? तू स्वतःसाठी काहीच राखत नाहीस. सात वर्षांच्या पोराला दारात दिलेला शब्द तू पाळत बसलीस. त्या पोराला त्यातलं काय कळत होतं? तो शब्द मीच दिला होता अर्धा, हं म्हणून. मग मला तो मोडायचा अर्धा अधिकार आहे का नाही? तुला वाटतं तू तिची जागा अडवत नाहीस. तिला जागा कमी पडतेय असं तुला कुणी सांगितलं? आणि भल्या बाई, तुला तिच्याविषयी एवढं वाटतं, तर तिच्या पोराची कंपनीत खोटारडा म्हणून शोभा झाली हे तिला आवडलं असतं का, याचाही थोडा विचार कर.

तर हे पत्र कशासाठी ते आता ऐक. दाखला खरा आहे म्हणून मोठ्या बाईंनी एक संधी दिली आहे. येत्या सोमवारी, तू दुकान उघडायच्या आधी, पुन्हा फोन येईल. या वेळी त्या स्वतः बोलणार आहेत. त्या एकच विचारतील, तुम्ही त्याच्या आई का. तू हो म्हणायचं. म्हणजे तसं बघायला गेलं तर, असं सुरू करायचं नाही. वारलेली, गुणाची, काही सांगायचं नाही. माझ्या जेवणाची चौकशी तर अजिबात नाही. नुसतं हो. मी तोंडाने तुला ताईच म्हणत राहीन, आता या वयात जीभ वळायची नाही, आणि वळवायचीही नाही मला. पण तू एकदा हो म्हण. हो म्हटल्यावर फोन ठेवशील आणि आतल्या खोलीत तिच्या फोटोसमोर जाऊन उभी राहशील, हेही मला माहीत आहे. रहा. तिला सांग, पोराने सांगितलं म्हणून म्हटलं. ती काही म्हणायची नाही. आणि म्हणालीच, तर तिला म्हणावं, माझ्याशी बोल.

तुझाच,
राग अजून न गेलेला